ज्या चाचणीचा म्हातारा त्या चाचणीत

रुग्णालयात तिला चाळणीबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर मॅडम. हे नाव कुणी ठेवलं तेही तिला ठाऊक होतं. ठेवणारा निवृत्त होऊन वारलासुद्धा, नाव मात्र टिकलं. तिचं काम आकडेशास्त्राचं. डॉक्टरांनी औषधं द्यायची, रुग्णांनी ती निमूट गिळायची, आणि शेवटी त्या औषधाचा गुण आला की नुसताच सगळ्यांचा वेळ गेला, हे हिने सांगायचं. असलं काम करणाऱ्या बाईवर कुणी जीव टाकत नाही. तिचीही तशी अपेक्षा नव्हती. चौतीस वर्षं तिने तिसऱ्या मजल्यावरच्या, खिडकी न उघडणाऱ्या खोलीत काढली आणि डॉक्टरांच्या तीन पिढ्यांना एकच धडा घोकून घेतला: आधी पद्धत ठरवा, मग आकडे बघा.

म्हणजे काय, तर कुठलाही अभ्यास सुरू होण्याआधी एक आराखडा लिहायचा. कोणते रुग्ण धरायचे, कोणते सोडायचे, गणित कोणतं करायचं, सगळं त्यात. त्यावर सही, तारीख, आणि तो रुग्णालयाच्या समितीकडे. एकदा निकाल दिसला की आराखड्यातला स्वल्पविरामही हलवायचा नाही. कारण माणूस लबाड आहे. हवा तो निकाल येईपर्यंत गणितं बदलत बसतो आणि वर शपथ घेऊन सांगतो की मला आधीपासून हेच करायचं होतं.

या धड्यापायी तिने एकदा एका डॉक्टरीणबाईचा पार कचरा केला होता. ती तेव्हा तिशीची, हुशार, जराशी उतावळी. सगळे तिला धाकटी डॉक्टरीण म्हणत. तिने निकाल पाहून गुण मोजायची सहा महिन्यांची मुदत तीन महिन्यांवर आणली होती. भरल्या सभेत चाळणीबाई म्हणाली, "निकाल लागल्यावर पास व्हायची रेषाच खाली ओढायची असेल, तर परीक्षा कशाला घेता? दारातच प्रमाणपत्रं वाटा." सभा खो खो हसली. धाकटीने कागद गोळा केले, दोन महिन्यांत तळमजल्यावरच्या विभागात बदली करून घेतली, आणि पुढची चार वर्षं जिन्यात समोरासमोर आली तरी नजर वर केली नाही.

चाळणीबाई घरी गेल्यावर तिच्या ताईला हे सांगायला विसरली नव्हती. ताई तिच्याहून सतरा वर्षांनी मोठी. हिला मुलीच्या जागी वाढवलेलं, त्यामुळे तोंडाला फाटक नाही. ती म्हणाली होती, "बरोबर बोललीस गं. पण एकटीला बोलावून बोलली असतीस तर काय जीभ झिजली असती?"

असो. आता मूळ गोष्ट.

एक गोळी होती. पक्षाघाताचा एक झटका येऊन गेलेल्या माणसाला दुसरा येऊ नये म्हणून द्यायची. वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या साली, या गोळीच्या अकरा चाचण्या झाल्या होत्या. प्रत्येक चाचणीत अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी. एकेक चाचणी लहान. म्हाताऱ्यांना गोळीचा उपयोग किती, हे एकट्या चाचणीतून कळत नव्हतं. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की अकराही चाचण्यांतल्या एकेका रुग्णाची माहिती मागवायची आणि एकत्र मांडायची. मोठे डॉक्टर म्हणजे विभागप्रमुख. विद्यार्थी असताना याच खोलीत चाळणीबाईची बोलणी खाल्लेले. आता पन्नाशी ओलांडलेले, तिला मॅडम म्हणणारे, पण खुर्ची मोठी असलेले.

लोकांना वाटतं एकत्र मांडणं म्हणजे अकरा पिशव्या एका पोत्यात ओतणं. तीन वर्षं लागली. एका चाचणीत एक म्हणजे पुरुष आणि दोन म्हणजे बाई, दुसरीत नेमकं उलट; हे कळलं कधी, तर बारा पुरुष गरोदर निघाले तेव्हा. एका ठिकाणी वयाच्या रकान्यात वजन होतं. एका चाचणीचा प्रमुख वारला होता आणि सगळी माहिती त्याच्या घरच्या संगणकात. त्याच्या बायकोला अठरा पत्रं गेली. एकोणिसाव्या पत्राला उत्तर आलं की त्यांच्या खोलीत जायला मला वर्ष लागलं, क्षमा असावी. चाळणीबाईने ते पत्र वाचून बाजूला ठेवलं आणि त्या दिवशी दुसरं काही केलं नाही.

शेवटी चौदा हजार दोनशे बारा माणसं तिच्या पडद्यावर ओळीने उभी राहिली. तिचे डोळे अधू झाले होते, मान आखडली होती, निवृत्तीला आठ महिने उरले होते. तिने आराखडा काढला, त्यात लिहिलं होतं तसंच गणित चालवलं आणि निकाल छापला.

गोळी चांगली होती. पण वय वाढेल तसा तिचा गुण उतरत होता. पंच्याहत्तरीच्या पुढे तर जवळजवळ शून्य.

मोठे डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "मॅडम, हे सोनं आहे! पंच्याहत्तरीनंतर गोळी बंद. एका वाक्यात सांगता येतं. तीन आठवड्यांनी औषधसूचना ठरवणारी समिती बसतेय, तिथे हेच मांडू."

"हं," ती म्हणाली.

"खूश नाही तुम्ही?"

"दमलेय."

ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. ताई अठ्ठ्याहत्तरची होती. दोन वर्षांपूर्वी तिला एक झटका येऊन गेला होता. डावा हात वाचला, तोंड तर पूर्ण वाचलं. ती रोज सकाळी तीच गोळी घेत होती. समितीने नको म्हटलं की ती गोळी तिच्या कागदावरून जाणार, आणि तिच्यासारख्या लाखभर म्हाताऱ्यांच्याही. गुण नसेल तर जावीच. रक्त पातळ करणारी गोळी म्हणजे गंमत नाही. पोटात रक्तस्राव होतो. चाळणीबाईला याचं वाईट वाटत नव्हतं. तिला खटकत होतं ते वेगळंच. निकाल फारच सरळ होता. चौतीस वर्षांत इतका गुळगुळीत निकाल तिने दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा कुठेतरी घाण होती.

तिने अकरा चाचण्या वेगवेगळ्या कागदांवर काढल्या. आडवं वय, उभा गुण. आणि ती बराच वेळ नुसती बघत बसली.

एकाही कागदावर रेषा उतरत नव्हती. आठ चाचण्यांत गोळीमुळे शंभरातल्या चौघांचा दुसरा झटका टळला होता. त्यांतल्या तरुणांतही, म्हणजे पंच्याहत्तरीच्या आतल्यांतही, चौघांचा आणि होते नव्हते तेवढ्या म्हाताऱ्यांतही साधारण चौघांचाच. उरलेल्या तीन चाचण्यांत फक्त एकाचा टळला होता; म्हाताऱ्यांत एकाचा आणि तरुणांतही एकाचाच. फरक वयाचा नव्हता. फरक चाचणीचा होता. त्या तीन चाचण्या जुन्या. त्या काळी गोळी झटक्यानंतर महिन्याने सुरू करत, बाकीच्या आठांत तीन दिवसांच्या आत. उशिरा दिलेली गोळी कुणालाच फारशी लागू पडली नव्हती. आणि या तीन चाचण्या वृद्धांच्या निवासात झाल्या होत्या, म्हणून बहुतेक सगळे म्हातारे त्यांतच होते.

सगळ्यांना एका रांगेत उभं केलं की काय दिसणार? तरुणांना गुण, म्हाताऱ्यांना नाही. या घरातला थोरला आणि त्या घरातला धाकटा शेजारी उभे करायचे आणि म्हणायचं, बघा, वयाने माणूस खंगतो. अरे, पण त्या घरात जेवायलाच नव्हतं!

थोरल्या-धाकट्याची तुलना ज्याच्या त्याच्या घरात करायची, मग घराघरांची उत्तरं जोडायची, हे ती दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवत आली होती. ते गणित एका दमात करावं की दोन पायऱ्यांत, यावर तिच्या धंद्यातले लोक दोन जावांसारखे भांडतात. नीट केलं तर दोन्हींत उत्तर सारखंच येतं. तिने एका दमात केलं होतं. प्रत्येक चाचणीतलं झटक्यांचं मूळ प्रमाण वेगळंही धरलं होतं, एवढी काही ती अडाणी नव्हती. पण वयाचा प्रश्न मात्र चाचणीच्या आतला आणि चाचण्याचाचण्यांमधला असा वेगळा काढायचा राहून गेला होता.

कसा राहिला? तिने जुने आराखडे उघडले आणि पाचव्या मिनिटाला सापडलं. तो परिच्छेद तिने सात वर्षांपूर्वीच्या एका आराखड्यातून उचलून जसाच्या तसा डकवला होता. त्या अभ्यासात सगळ्या चाचण्या एकाच वयाच्या माणसांच्या होत्या, तिथे तो चालून गेला. आणि उचलला का, तर रुग्णालयाच्या समितीने एकदा मंजूर केलेल्या परिच्छेदाला पुन्हा प्रश्न विचारला जात नाही. सगळे विभाग हेच करतात, नवं वाक्य लिहिलं की समितीत दोन महिने जातात. दुसऱ्यांनी असं केलं की ती म्हणत असे, उष्टं वाढू नका.

चूक तिचीच होती. आणि ती कळली होती निकाल पाहिल्यानंतर.

दुसऱ्या दिवशी तिने अकरा कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर मांडले. त्यांनी ऐकून घेतलं. बुद्धीने माणूस कमी नव्हता. दोन मिनिटांत त्यांना समजलं. मग पाठ टेकून म्हणाले, "मॅडम, आराखडा कुणी लिहिला?"

"मी."

"सही?"

"माझी. खाली तुमची."

"आणि निकाल पाहिल्यावर स्वल्पविराम हलवायचा नाही, हे मला कुणी शिकवलं?"

तिने अकरा कागदांच्या कडा जुळवल्या.

"आता आपण पद्धत बदलली तर लोक काय म्हणतील? निकाल आवडला नाही, म्हणून गणित फिरवलं. मला माहितीय तुम्ही तशा नाही. पण," त्यांनी चष्मा पुसला, "तुमच्या ताईंचं वय किती हो?"

ताईला मोठे डॉक्टरच तपासत असत. वय त्यांना पाठ होतं.

संताप येण्याइतकी ताकदही तिच्यात नव्हती. आणि खरं सांगायचं तर तोच प्रश्न तिने रात्रभर स्वतःला विचारला होता. ताई साठीची असती, ती गोळी घेत नसती, तर हे अकरा कागद काढले असते का? काढले असते, असं तिला वाटत होतं. पण असं वाटणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवू नका, हेच तर ती जन्मभर सांगत आली होती.

दुपारी ती तळमजल्यावर गेली. गुडघ्यांनी कुरकुर केली. धाकटी डॉक्टरीण एका अरुंद खोलीत फायलींच्या आड बसली होती. मधल्या काळात तिने आकडेशास्त्राची पदवी घेतल्याचं चाळणीबाईच्या कानावर आलं होतं. तिने वर पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"वाट चुकलात का मॅडम?"

"काम आहे."

"माझ्याकडे? मी तर रेषा खाली ओढणारी."

"लक्षात आहे माझ्या."

"माझ्याही आहे. रोज."

चाळणीबाईने न विचारताच खुर्ची ओढली, कारण उभं राहवत नव्हतं. एक कागद पुढे केला. त्यावर अकरा ओळी: प्रत्येक चाचणीत किती माणसं, वयं काय, गोळी कधी सुरू केली. निकालाचा एकही आकडा नाही. "एवढ्यावरून सांग. वयाने गुण बदलतो का, हे बघायचंय. गणित कोणतं करशील? लिहून दे, सही कर, तारीख घाल. निकाल मी सांगणार नाही. तूही विचारू नकोस."

"मलाच का?"

"तू मला घाबरत नाहीस. आणि माझं भलंही चिंतत नाहीस. असं माणूस या इमारतीत दुसरं मिळालं नाही."

धाकटी हसली नाही, पण तोंडाचा कोपरा हलला. तिने कागद जवळ ओढला. खालून वर, वरून खाली बोट फिरवलं. तिसऱ्या फेरीत बोट त्या तीन ओळींवर थांबलं. मग मान वर केली आणि चाळणीबाईकडे इतका वेळ पाहिलं की हिला नजर वळवावी लागली.

"तुम्ही एकत्र केलंत," ती हळू आवाजात म्हणाली. "वयाचा प्रश्न वेगळा न काढता."

"तू लिहून दे."

"अरे देवा. तुम्ही?"

"लिही गं बाई."

धाकटीने चार दिवस घेतले. ती वेळकाढूपणा करत नव्हती. दोन पानं लिहिली, एकेका वाक्याला कारण दिलं. ज्या चाचणीचा म्हातारा, त्याची तुलना त्याच चाचणीतल्या तरुणाशी. शेवटी लिहिलं होतं: अशा रीतीने उत्तर काढल्यास ते फार ढोबळ येईल, कारण एकाच चाचणीत दोन्ही वयांची माणसं थोडी आहेत, त्याची तयारी ठेवावी. पानं हातात देताना ती म्हणाली, "एक अट आहे. अहवालात 'असे लक्षात आले' असं लिहायचं नाही. कुणाच्या लक्षात आलं, कधी आलं, काय पाहिल्यावर आलं, आणि मुळात चूक कुणाची, हे नावानिशी. माझ्या वेळी तुम्ही सभेत माझं नाव घेतलं होतंत."

"मान्य."

"आणि तुमच्या बहिणीचंही लिहा. ती गोळी घेते हे."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"इमारत आहे मॅडम, तुरुंग नव्हे. बातम्या जिन्याने येतात."

औषधसूचना समितीच्या सभेत नऊ माणसं होती, पाण्याच्या नऊ बाटल्या आणि एक भिंतीवरचं घड्याळ, पंधरा मिनिटं पुढे असलेलं. मोठ्या डॉक्टरांनी गोळीचा एकूण गुण सांगितला आणि हात करून म्हणाले, "वयाबद्दल मॅडम बोलतील." स्वतः मागे सरकून बसले. आडवे मात्र आले नाहीत. तेवढं त्यांच्या पदरात टाकायला हवं.

तिने आधी जुना निकाल दाखवला. मग म्हणाली, "हा चूक आहे. आराखडा मी लिहिला, चूक माझी. ती मला निकाल पाहिल्यानंतर कळली, आणि माझी सख्खी बहीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची असून ही गोळी घेते. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. ही दोन पानं निकाल न बघता लिहिलेली आहेत, लिहिणारी बाहेर बसली आहे, तिला विचारा." मग नवा निकाल दाखवला. एकाच चाचणीतल्या म्हाताऱ्यांची आणि तरुणांची तुलना केली तर फरक दिसत नव्हता. पण आकडा इतका ढोबळ की फरक नाही असंही छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं.

समितीचे अध्यक्ष, एक सुकलेले गृहस्थ, कपाळ चोळत म्हणाले, "म्हणजे पंच्याहत्तरीच्या पुढे गोळी चालते की नाही?"

"चालत नाही असं म्हणायला आधार नाही."

"चालते का?"

"बहुतेक. लवकर दिली तर. पक्कं माहीत नाही."

"चौदा हजार माणसं, तीन वर्षं, आणि पक्कं माहीत नाही?"

"चौदा हजारांपैकी या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतील असे नऊशेच होते," ती म्हणाली. "बाकीच्यांचा दोष नाही."

कुणी हसलं नाही. तिने ते हसवायला म्हटलंही नव्हतं. मग समितीने धाकटीला आत बोलावलं, अर्धा तास उलटसुलट विचारलं, आणि ठरलं ते असं: वयाची अट घालायची नाही, आणि दुसरी पद्धत निकाल पाहिल्यानंतर आली आहे, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर, चूक करणाऱ्याच्या नावासकट छापायचं. सोनं गेलं. मोठ्या डॉक्टरांचं एका वाक्यातलं यश चार परिच्छेदांचं झालं, आणि त्यांतले दोन माहीत नसण्याबद्दल होते. बाहेर आल्यावर धाकटी एवढंच म्हणाली, "सव्विसावी ओळ तपासा, दशांश चुकलाय." आणि खाली निघून गेली. दशांश खरंच चुकला होता.

पुढच्या महिन्यात ताईची तपासणी होती. मोठ्या डॉक्टरांनी ताईचा हात दाबून पाहिला, बोटं मोजायला लावली, दाब घेतला. "गोळी चालू ठेवा आजी," म्हणाले, आणि कागदावर लिहिलं. सगळा वेळ ते ताईशी बोलले. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

बाहेरच्या लांबलचक वाटेत ताईला दम लागला म्हणून दोघी बाकावर टेकल्या. समोरून एक चाकांची खाट गेली, मग फरशी पुसणारी बाई.

"डॉक्टर तुझ्याशी बोलले नाहीत," ताई म्हणाली.

"नाही बोलले."

"भांडलीस ना?"

"थोडंसं."

"चूक कुणाची?"

"माझी."

ताईने वळून पाहिलं. हे उत्तर तिने या बहिणीच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "मग माफी मागायची. त्यात काय मोठंसं?"

"मागितली. छापून."

"छापून!" ताईचे डोळे मोठे झाले. "कुठे? पेपरात?"

"अहवालात. पहिल्या पानावर, नाव घालून. आमच्याच लोकांत जातो तो."

"वाचतात का ते?"

चाळणीबाईने मान मागे भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले. निवृत्तीला उरलेल्या आठ महिन्यांतला एक संपला होता. "वाचतील," ती म्हणाली. "हे पान सगळे वाचतील."

"मग बरंय," ताई म्हणाली, आणि उठायला हात पुढे केला. "चल. बसून राहिलीस तर तुलाच उठवावं लागेल मला."